पेप्टाइडची सीरम आणि क्रीम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी प्रसाधनांचं फॉर्म्युलेशन करते. म्हणजे क्रीममध्ये काय, किती आणि कोणत्या क्रमाने घालायचं ते ठरवणं हे माझं रोजचं काम. नात्यातल्या, सोसायटीतल्या आणि मैत्रिणींच्या ओळखीतल्या बायका मला बाटल्यांचे फोटो पाठवतात आणि विचारतात, "हे घेऊ का गं?" अलीकडे त्या फोटोंमध्ये पेप्टाइडच्या बाटल्या फार दिसू लागल्या आहेत. प्रश्न बहुतेक वेळा तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

पेप्टाइड म्हणजे नेमकं काय?

अमिनो आम्लं मण्यांसारखी एकापुढे एक ओवली की साखळी होते. तीन, पाच, सहा मण्यांची छोटी साखळी म्हणजे पेप्टाइड. शेकडो मणी असतील आणि साखळी घड्या घालून ठरावीक आकारात बसली असेल तर ते प्रथिन. आपल्या त्वचेतलं कोलॅजेन हे असंच मोठं प्रथिन आहे. त्याच्या एका साखळीत हजाराच्या आसपास मणी असतात आणि अशा तीन साखळ्यांना पीळ बसलेला असतो. क्रीममधली पेप्टाइडं त्याच्यापुढे अगदी चिमुकली.

लेबलवर 'सिंथेटिक' म्हटलं की भीती वाटते. ती कशी बनवतात? शाकाहारी असतात का?

१९६३ मध्ये ब्रूस मेरिफिल्ड या अमेरिकी शास्त्रज्ञाने एक सोपी पण विलक्षण युक्ती काढली. रेझिनच्या बारीक गोळीला पहिलं अमिनो आम्ल पक्कं बांधायचं, जशी दोऱ्याला गाठ मारून पहिला मणी अडकवतात. मग एकेक मणी जोडत जायचं आणि दर वेळी नको असलेलं सगळं धुऊन काढायचं. माळ पुरी झाली की ती गोळीपासून सोडवून घ्यायची. या कामासाठी मेरिफिल्ड यांना १९८४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. प्रसाधनांतली बरीचशी पेप्टाइडं आज याच तऱ्हेने किंवा तिच्या भावंड-पद्धतींनी तयार होतात.

त्यामुळे इथे 'सिंथेटिक' ही मला जमेची बाजू वाटते. साखळीत कोणता मणी कुठे आहे हे नक्की माहीत असतं आणि जनावराच्या कातडी-हाडांशी संबंध येत नाही. काटेकोर शाकाहारी किंवा जैन घरांतल्या वाचकांनी एकच गोष्ट उत्पादकाला विचारावी. नावात 'पामिटॉइल' असेल तर साखळीला पामिटिक आम्ल जोडलेलं असतं. ते बहुधा पामतेलातून येतं, पण प्राण्यांच्या चरबीतूनही मिळू शकतं.

'स्किन कंडिशनिंग' म्हणजे काय? हे औषध आहे का?

नाही, आणि हा फरक समजला की पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात. प्रसाधनांच्या घटकांच्या याद्यांमध्ये प्रत्येक घटकापुढे त्याचं काम लिहिलेलं असतं. युरोपीय संघाच्या यादीत बहुतेक पेप्टाइडांपुढे 'स्किन कंडिशनिंग' असं लिहिलेलं सापडतं. त्याचा अर्थ एवढाच की त्वचा चांगल्या स्थितीत ठेवणारा घटक. ग्लिसरिन आणि अनेक तेलंही याच रांगेत बसतात.

आपल्याकडे १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा प्रसाधनाची व्याख्या करतो. स्वच्छ करणं, सुशोभित करणं, आकर्षकता वाढवणं किंवा रूपात बदल घडवणं, एवढंच प्रसाधनाचं क्षेत्र आहे. आजार बरा करणं त्यात नाही. म्हणून 'सुरकुत्या बारीक दिसतात' असं प्रसाधनाला म्हणता येतं. त्वचेची रचनाच बदलून देण्याचं वचन कोणी देत असेल तर बाटली खाली ठेवा.

घटकांच्या यादीतली ती लांबलचक नावं वाचायची कशी?

तीन तुकडे करायचे. 'पामिटॉइल पेंटापेप्टाइड-४' घ्या. 'पामिटॉइल' म्हणजे साखळीला १६ कार्बनांचं पामिटिक आम्ल जोडलंय, त्यामुळे ती थोडी तेलकट झालीय. 'पेंटा' म्हणजे पाच मणी. आणि शेवटचा ४ हा फक्त नोंदणीचा क्रमांक. तो ताकद दाखवत नाही आणि प्रमाणही नाही. '-८' वालं '-४' वाल्यापेक्षा दुप्पट जोरदार, असं मला दुकानातल्या विक्रेत्यांनीसुद्धा ठामपणे सांगितलंय. तसं अजिबात नाही.

'ट्राय' म्हणजे तीन, 'टेट्रा' चार, 'हेक्सा' सहा. 'असिटाइल' हे साखळीच्या एका टोकावर बसवलेलं छोटंसं टोपण, तिथून विकरांनी साखळी कुरतडू नये म्हणून.

मध्यंतरी काही नावांचे क्रमांकही बदलले. पेंटापेप्टाइड-४ पूर्वी पेंटापेप्टाइड-३ म्हणून ओळखलं जायचं आणि असिटाइल हेक्सापेप्टाइड-८ हे असिटाइल हेक्सापेप्टाइड-३ म्हणून. जुन्या लेखात वेगळा आकडा दिसला तर गोंधळू नका.

पण ही त्वचेत शिरतात तरी का?

शंका अगदी रास्त आहे. त्वचेचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा. मृत पेशी विटांसारख्या रचलेल्या आणि मध्ये मेदाचा गिलावा. बाहेरचं आत येऊ नये यासाठीच तो थर आहे. २००० साली बॉस आणि माइनार्डी यांनी ५०० डाल्टनचा नियम मांडला: रेणूचं वजन ५०० डाल्टनच्या (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं एकक) वर गेलं की तो निरोगी त्वचेतून सहसा पार होत नाही. आता वजनं पाहा. कॉपर पेप्टाइडमधली तीन मण्यांची साखळी ३४० डाल्टनची. पामिटॉइल पेंटापेप्टाइड-४ सुमारे ८०० आणि असिटाइल हेक्सापेप्टाइड-८ जवळपास ८९०.

वजन कमी असूनही अडचण संपत नाही, कारण पेप्टाइडला पाण्याची ओढ असते आणि गिलावा मेदाचा असतो. म्हणूनच साखळीला पामिटिक आम्लाची शेपटी बांधतात. त्याने वजन वाढतं, पण मेदात मिसळणं सोपं होतं. या देवाणघेवाणीत किती रेणू खाली पोचतात हे क्रीमच्या बाकीच्या घडणीवर ठरतं. एकाच पेप्टाइडची दोन कंपन्यांची सीरम सारखी का नसतात, त्याचं उत्तर इथे आहे.

मग पुरावा आहे की नाही?

आहे, पण थोडा. सगळ्यात जास्त अभ्यासलं गेलेलं उदाहरण 'मॅट्रिक्सिल' या व्यापारी नावाचं, म्हणजे वरचं पामिटॉइल पेंटापेप्टाइड-४. त्याची कथा १९९३ पासून सुरू होते. अमेरिकेत टेनेसी विद्यापीठातल्या संशोधकांना दिसलं की कोलॅजेनच्या पूर्वरूपातला पाच मण्यांचा एक तुकडा फायब्रोब्लास्ट, म्हणजे कोलॅजेन तयार करणाऱ्या पेशींना नवं कोलॅजेन बनवायला उद्युक्त करतो. लायसिन, थ्रिओनिन, थ्रिओनिन, लायसिन, सेरिन असा त्याचा क्रम. कल्पना सुंदर आहे. कोलॅजेन तुटलं की त्याचे तुकडे जणू निरोप घेऊन जातात की इथे डागडुजी हवी, आणि आपण तो निरोप बाहेरून पाठवायचा. फ्रान्समधल्या सेडेर्मा कंपनीने या तुकड्याला पामिटिक आम्लाची शेपटी जोडून तो बाजारात आणला.

पण काचेच्या बशीत पेशींवर थेट थेंब टाकणं वेगळं आणि जिवंत गालावर क्रीम लावणं वेगळं. २००५ साली ९३ स्त्रियांवर, वय ३५ ते ५५, बारा आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या एका बाजूला साधं मॉइश्चरायझर आणि दुसऱ्या बाजूला तेच मॉइश्चरायझर अधिक पेप्टाइड. ही रचना मला फार आवडते, कारण नुसत्या ओलाव्याने सुरकुत्या बुजल्यासारख्या दिसतात तो भाग दोन्हीकडे समान राहतो. पेप्टाइडच्या बाजूला बारीक रेषा आणि सुरकुत्या जास्त कमी झाल्या. फरक मोजता येण्याजोगा होता, पण तो लहान होता. ही चाचणी एका प्रसाधन कंपनीच्या शास्त्रज्ञांची होती आणि त्या सगळ्या स्त्रिया गोऱ्या वंशाच्या होत्या. आपल्या वर्णाच्या त्वचेत वय आधी डागांतून आणि असमान रंगातून दिसतं, रेषा त्यामानाने उशिरा येतात. त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा आपल्याला लावू नये.

त्या चाचणीत पेप्टाइड किती होतं?

दहा लाखांत तीन भाग, म्हणजे ०.०००३ टक्के. ३० ग्रॅमच्या डबीचा हिशेब केला तर ०.०९ मिलिग्रॅम. बारीक मिठाचे एक-दोन कण चिमटीत घ्या, साधारण तेवढं वजन. मी पहिल्यांदा हा हिशेब केला तेव्हा दशांशचिन्ह चुकलं असं वाटून पुन्हा केला होता.

यातून दोन गोष्टी कळतात. पेप्टाइड निरोप देणारं असेल तर ते खरंच इतक्या कमी प्रमाणात काम करू शकतं, त्यामुळे यादीत ते शेवटी दिसलं म्हणून क्रीम खोटं ठरत नाही. आपल्याकडच्या प्रसाधन नियम, २०२० प्रमाणे एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात आणि त्याखालचे कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. म्हणजे पेप्टाइडची यादीतली जागा तुम्हाला फारसं काही सांगत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. '१० टक्के पेप्टाइड' असं पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलं असेल तर बहुतेक वेळा ते १० टक्के कच्च्या मालाच्या द्रावणाचे असतात. आमच्याकडे पेप्टाइड येतं तेच मुळी पाण्यात किंवा ग्लिसरिनमध्ये पातळ केलेलं. आर्जिरेलिनच्या (असिटाइल हेक्सापेप्टाइड-८ चं व्यापारी नाव) द्रावणात प्रत्यक्ष पेप्टाइड सहसा ०.०५ टक्के असतं. ते १० टक्के घातलं की बाटलीत पेप्टाइड उरतं ०.००५ टक्के. कंपनी खोटं बोलत नसते, पण ग्राहकाच्या मनात जे चित्र उभं राहतं ते खरं नसतं. याचा मला मनापासून राग येतो.

आर्जिरेलिनला 'बाटलीतलं बोटॉक्स' म्हणतात. खरंय का?

नाही. बोटॉक्समधलं विष स्नायूत सुईने सोडतात. ते मज्जातंतूच्या टोकाशी स्नॅप-२५ नावाचं प्रथिन तोडतं आणि स्नायू काही महिने आकसत नाही. आर्जिरेलिन, म्हणजे असिटाइल हेक्सापेप्टाइड-८, हे त्याच स्नॅप-२५ च्या टोकाची सहा मण्यांची नक्कल आहे. ती खऱ्या प्रथिनाच्या जागेवर जाऊन बसेल आणि आकसण्याचा संदेश मंदावेल, ही त्यामागची कल्पना. बार्सिलोनाच्या लिपोटेक कंपनीने ते आणलं. २००२ मध्ये छापून आलेल्या प्रयोगात दहा स्त्रियांनी ते ३० दिवस लावलं आणि सुरकुत्यांची खोली ३० टक्क्यांपर्यंत कमी झाल्याचं नोंदवलं गेलं. दहाच स्त्रिया होत्या, हे विसरू नका.

माझी अडचण अंतराची आहे. कपाळाचा स्नायू त्वचेच्या सगळ्या थरांच्या खाली असतो. ८९० डाल्टनचा पाण्यात विरघळणारा रेणू तिथवर पोचावा ही अपेक्षाच मोठी. प्रयोगांतही त्याचा बहुतेक भाग पृष्ठभागावर आणि मृत पेशींच्या थरातच सापडला. लावल्यावर कपाळ मऊ आणि तुकतुकीत दिसलं तर ते खरं आहे, पण त्याचं बरंचसं श्रेय सीरममधल्या ग्लिसरिन-हायलुरॉनिक आम्लाला जातं.

कॉपर पेप्टाइड निळं का असतं? आणि ते इतकं नाजूक म्हणतात ते का?

निळा रंग तांब्याचा. ग्लायसिन, हिस्टिडिन, लायसिन हे तीन मणी तांब्याच्या एका अणूला चिमट्यासारखे धरून ठेवतात. १९७३ साली लॉरेन पिकार्ट यांनी मानवी रक्तद्रवातून ही साखळी वेगळी काढली. म्हणजे हे आपल्या शरीरात मुळातच असलेलं पेप्टाइड आहे. जखम भरण्याशी त्याचा संबंध आहे असं पेशींवरच्या आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांतून पुढे आलं. चेहऱ्यावर लावण्याच्या चांगल्या, मोठ्या चाचण्या मात्र कमी आहेत.

याची पूड हातात घेतली की डोळे तिथेच खिळतात. चमचाभर पाण्यात चिमूटभर सोडली की गडद, किंचित जांभळट निळे पदर काचेच्या तळाकडे उतरत जातात. पण ते नाजूक आहे खरं. सुरुवातीच्या दिवसांत मी एका बॅचमध्ये सवयीने ईडीटीए घातलं. पाण्यातल्या धातूंना बांधून ठेवण्यासाठी ते आम्ही जवळपास सगळीकडे घालतो. ढवळता ढवळता जांभळट निळ्याचा फिका आकाशी झाला. ईडीटीएची तांब्यावरची पकड पेप्टाइडपेक्षा घट्ट, त्यामुळे त्याने तांबं हिसकावून घेतलं होतं. चूक माझीच होती आणि पूर्ण बॅच फेकावी लागली. तेव्हापासून कॉपर पेप्टाइडच्या बाटलीवर 'डायसोडियम ईडीटीए' दिसलं की मी ती घेत नाही, आणि तुम्हालाही तेच सांगेन.

व्हिटॅमिन सी, रेटिनॉल, आम्लं: कशाबरोबर लावू?

कॉपर पेप्टाइड आणि व्हिटॅमिन सी एका वेळी नको. तांब्यामुळे व्हिटॅमिन सीचं ऑक्सिडीकरण होतं आणि आम्लामुळे पेप्टाइडची तांब्यावरची पकड सुटते. एक सकाळी, एक रात्री. ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिक आम्लाचंही तसंच. बाकीची पेप्टाइडं रेटिनॉल आणि नायसिनामाइडबरोबर सुखाने नांदतात. आधी पातळ सीरम, मग क्रीम, आणि सकाळी सर्वांत वर सनस्क्रीन.

सापाच्या विषाचं क्रीम मिळतं म्हणे?

विष नसतं. 'सिन-एक' नावाचा एक कृत्रिम रेणू आहे. आग्नेय आशियातल्या टेंपल व्हायपर या सापाच्या विषातल्या वॅग्लेरिन-१ या पेप्टाइडची नक्कल करायला तो बनवला. साप पकडावा लागत नाही. परिणामाचे दावे बहुतांशी उत्पादकाकडून आलेले.

'एसएच-ऑलिगोपेप्टाइड-१' हेही यातलंच का?

नावाने फसू नका. हा ईजीएफ, म्हणजे पेशींची वाढ घडवणारा घटक, ज्याच्या शोधासाठी स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. त्यात ५३ मणी आहेत आणि वजन सहा हजार डाल्टनच्या वर. तो सहसा जनुकीय तंत्राने जिवाणूंकडून किंवा वनस्पतींकडून तयार करून घेतात. छोट्या पेप्टाइडांसाठी जे लिहिलंय ते त्याला लागू नाही. कधी त्वचेचा कर्करोग झाला असेल किंवा शंकास्पद तीळ असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो लावू नये.

माझ्या गालांवर वांग आहे. पेप्टाइडने जाईल?

नाही जाणार. ज्यांच्यावर चांगला अभ्यास झालाय ती पेप्टाइडं रेषा आणि ओलावा यांच्यावर काम करतात. वांगाला ऊन, संप्रेरकं आणि आनुवंशिकता अशी वेगळी कारणं असतात. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ आणि रोजचं सनस्क्रीन, शक्यतो आयर्न ऑक्साइड असलेलं टिंटेड. कारण दृश्य प्रकाशानेही आपल्या वर्णाच्या त्वचेत वांग गडद होतं. पेप्टाइडवर खर्च होणारे पैसे इथे घाला.

गरोदरपणात लावू का? पुरळ येईल का?

गरोदरपणात रेटिनॉइड, म्हणजे रेटिनॉल आणि त्याच्या कुळातले घटक, बंद करायला सांगतात. पेप्टाइडांबद्दल तशी मनाई नाही, तरी तुमच्या डॉक्टरांना बाटली दाखवा. अमेरिकेतल्या कॉस्मेटिक इन्ग्रेडियंट रिव्ह्यू या तज्ज्ञमंडळाने पामिटॉइल ट्रायपेप्टाइड-१ आणि पामिटॉइल टेट्रापेप्टाइड-७ यांसारखी पेप्टाइडं सध्याच्या वापरात सुरक्षित ठरवली आहेत. त्रास झालाच तर बहुधा सुगंधाचा किंवा प्रिझर्वेटिव्हचा असतो. कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं सलग चार-पाच दिवस लावून पाहा.

ऑनलाइन पेप्टाइडची इंजेक्शनं विकतात. ती जास्त परिणामकारक नाहीत का?

कृपा करून घेऊ नका. 'फक्त संशोधनासाठी' असं लिहिलेल्या कुप्या असतात त्या. निर्जंतुक आहेत का, आत तेच पेप्टाइड आहे का, संश्लेषणातला कचरा धुऊन निघालाय का, यातलं काहीच कोणी तपासलेलं नसतं. त्वचेचा तो वरचा थर आपल्याला बऱ्याच गोष्टींपासून वाचवतो आणि सुई त्याला वळसा घालून थेट आत जाते. क्रीमसाठी सुरक्षित ठरलेलं काहीही सुईसाठी सुरक्षित धरता येत नाही.

साय-बेसन लावलं तर दुधातली पेप्टाइडं मिळतात ना? आणि कोलॅजेनची पावडर?

दुधातलं केसिन हे अखंड मोठं प्रथिन आहे, ते पृष्ठभागावरच राहतं. सायीने त्वचा मऊ होते ती स्निग्धांशामुळे, आणि थंडीत तो गुण काही लहान नाही. कोलॅजेनची पावडर म्हणजे मासे किंवा गुरांच्या कातडी-हाडांतल्या कोलॅजेनचे तुकडे. तो खाण्याचा पदार्थ आहे, शाकाहारी नाही आणि क्रीममधल्या सिंथेटिक पेप्टाइडशी त्याचा फक्त नावापुरता संबंध आहे.

आईचं वय ६२. तिला महागडं पेप्टाइड क्रीम भेट द्यायचंय. देऊ का?

आधी आईच्या कपाटात काय आहे ते बघा. साबण सौम्य आहे का? आंघोळीनंतर ती काही लावते का? सकाळी फिरायला किंवा मंडईत जाताना सनस्क्रीन? हे नसेल तर ते आधी आणा. या वयात त्वचा कोरडी असते आणि चांगल्या साध्या मॉइश्चरायझरने आठवड्याभरात जो फरक दिसतो तो पेप्टाइडने तीन महिन्यांतही दिसेल याची मी खात्री देणार नाही. माझ्या स्वतःच्या आईला मी ग्लिसरिन आणि सिरॅमाइड असलेलं क्रीम देते. तिला डबीचं झाकण सहज उघडतं, हेही मी पाहिलं होतं.

हे सगळं आधीच चालू असेल, रेटिनॉल तिला सोसत नसेल आणि पैशांची ओढाताण नसेल, तर पेप्टाइड क्रीम जरूर द्या. ते सौम्य असतं, चुरचुरत नाही. बारा आठवडे रोज लावल्याशिवाय निकाल ठरवू नका. पहिल्या दिवशी त्याच खिडकीशी, त्याच वेळी एक फोटो काढून ठेवा.

घेताना लेबलवर काय तपासू?

परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि घटकांची पूर्ण यादी. परदेशी असेल तर नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक आणि ते प्रमाणपत्र घेणाऱ्याचं इथलं नाव-पत्ता. हा क्रमांक नसेल तर गडबड आहे असं समजा. काही झालं तर महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. बाटली आणि बिल तोवर जपून ठेवा.

विदर्भात उन्हाळा कडक असतो. फ्रिजमध्ये ठेवू का? निळं सीरम हिरवट झालंय, ते चालेल का?

एप्रिल-मेमध्ये ठेवा, फ्रिजच्या दारात. बर्फाच्या कप्प्यात नको. एरवी अंधारं, कोरडं कपाट पुरेसं आहे. गॅसच्या ओट्याजवळ आणि बाथरूमच्या खिडकीत मात्र नाही. ड्रॉपर गालाला टेकवू नका, पेप्टाइड हे जंतूंचंही अन्न आहे. पंपाची बाटली मिळाली तर तीच घ्या. आणि हिरवट किंवा तपकिरी झालेलं निळं सीरम टाकून द्या, कितीही महाग असलं तरी. त्यातल्या तांब्याची जागा बदललेली असते.